रेगे गर्ल्झ: मैदान मारलं, पैशावर अडलं

ऑक्टोबर २०२३ मध्ये जमैकाच्या महिला फुटबॉल संघातल्या वर्ल्ड कप खेळलेल्या मुलींनी पनामा आणि ग्वाटेमालाविरुद्ध उतरायला साफ नकार दिला. ठरलेले पैसे पूर्ण मिळाले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. याच पनामाला त्यांनी तीन महिन्यांपूर्वी वर्ल्ड कपमध्ये १-० ने हरवलं होतं.

त्या स्पर्धेत क्रमवारीत ४३व्या असलेल्या या 'रेगे गर्ल्झ'नी फ्रान्स आणि ब्राझील दोघांनाही गोलशून्य बरोबरीत रोखलं. ब्राझीलला घरी जावं लागलं आणि मार्ताचा तो वर्ल्ड कप तिथेच संपला. गटात एकही गोल न खाता जमैका बाद फेरीत पोचला. कॅरिबियनमधल्या कुठल्याच महिला संघाला हे आधी जमलं नव्हतं.

आणि स्पर्धेच्या महिनाभर आधी काय चाललं होतं? खेळाडूंनी खुलं पत्र काढून प्रवास, निवास, सराव, मानधन, अगदी जेवणखाणाबद्दलही तक्रार केली होती. हवाना सोलॉनच्या आईने तर ऑनलाइन वर्गणी सुरू केली. वर्ल्ड कपला निघालेल्या राष्ट्रीय संघासाठी वर्गणी!

ही वर्गणी नवी नाही. पैसे नाहीत म्हणून महासंघाने एकदा हा संघ मोडीतच काढला होता. २०१४ मध्ये बॉब मार्लीची मुलगी सेडेला हिच्या मुलाने शाळेतून मदतीचं पत्रक आणलं, तिथून तिने संघाला हात दिला. २०१६ मध्ये गाडं पुन्हा बंद पडलं. तरीही २०१८ मध्ये पनामालाच पेनल्टीवर हरवून संघाने २०१९ च्या वर्ल्ड कपचं तिकीट काढलं. तिथे तिन्ही सामने गेले, तो भाग वेगळा.

देणगीतून संघ एखाद्या स्पर्धेला जाऊ शकतो. वर्षभराचे करार तिच्यावर चालत नाहीत. २०२३ साली फिफाने बाद फेरी गाठणाऱ्या प्रत्येक खेळाडूमागे ६० हजार डॉलर जाहीर केले, पण तो पैसा येणार महासंघामार्फतच.

महासंघाला खेळाडू बहुतेक तयारच मिळतात. स्पॅनिश टाउनची खदिजा शॉ अमेरिकेतल्या कॉलेजात घडली, मँचेस्टर सिटीत नावारूपाला आली. कित्येक जणी तर इंग्लंड-अमेरिकेत जन्मलेल्या. महासंघाकडे उरतं ते काम त्यामानाने थोडकं: वेळेवर तिकिटं, नीट सराव शिबिर आणि ठरलेले पैसे. ऑक्टोबरात अडलं ते यातल्या तिसऱ्यावर.