घरची मजुरी आणि साहित्याचे राजकारण

लेखकाने राजकारण करावे की नाही, हा वाद साहित्याच्या व्यासपीठांवर वर्षानुवर्षे चालला आहे. एक पक्ष म्हणतो, लेखकाने कष्टकऱ्याचा झेंडा हाती घ्यावा. दुसरा म्हणतो, लेखणीला झेंडा बांधू नये. भावांनो, मायबहिणींनो, कापूस-ज्वारी पिकवणाऱ्यांचा या वादाशी संबंध काय? संबंध आहे, असे आम्हाला वाटते. आणि तो खुद्द मार्क्सनेच दाखवून ठेवला आहे.

बाल्झाक हा फ्रान्सचा कादंबरीकार राजेशाहीचा पाठीराखा होता. शेतकऱ्यांवरची त्याची कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १८५५ साली पुरी छापून आली. 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात (१८९४) मार्क्सने तिचा दाखला दिला आहे. लहान शेतकरी सावकाराची मर्जी राखण्यासाठी त्याची बारीकसारीक कामे फुकट करतो. खिशातून पैसा गेला नाही, म्हणजे आपले काहीच गेले नाही, असे त्याला वाटते. सावकाराची मजुरी वाचते. शेतकऱ्याचे शेत मात्र मशागतीवाचून राहते आणि तो कर्जात आणखी रुततो.

राजाचा भक्त असूनही बाल्झाकने हे खरे लिहिले, म्हणून मार्क्सच्या ते कामी आले. लेखकाचा पक्ष आम्ही विचारणार नाही. घाम कोणाचा आणि पैसा कोणाचा, हे तो दाखवतो की नाही, एवढेच विचारू. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ सालीच हे काम केले.

आता आपल्या घरात पाहू. कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरतो. पण २०१८ पासून सरकार 'दीडपट भाव' म्हणते तो रोख खर्च अधिक घरची मजुरी एवढ्यावरच. स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याज धरणारा सी-२ खर्च त्यात नाही. शिवाय हमीभाव जाहीर होणे वेगळे आणि बाजारात तो हाती पडणे वेगळे.

हा हिशेब मागायचा तर आधी आपण ठेवला पाहिजे. बियाण्याची, खताची, फवारणीची पावती आपण जपतो. निंदणीला, कापूस वेचणीला, ज्वारीच्या कापणीला घरच्या बाईचे किती दिवस गेले, याची नोंद कोणाच्या वहीत आहे? पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने एका एकराची अशी वही आणावी, आणि ती बायकांनी सांगितल्याप्रमाणे लिहिलेली असावी. गावातल्या लिहित्या पोरांनाही सोबत आणा. घोषणा त्यांच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी आधी या वह्या वाचाव्यात.