सुट्टीनंतरचा तिसरा दिवस

चंद्रपूरच्या दवाखान्यातून बाळंतिणीला सुट्टी झाली की ताडोब्याच्या जंगलाच्या दारातल्या मोहर्लीत तिच्या घरी आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेने, कधी जायचे, हे ठरलेले असते : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्याच दवाखान्यातून स्मृतिभ्रंश असलेली आजी खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन करून परतली, तर तिच्या दारी कोणी जायचे, हे कुठेच लिहिलेले नाही.

स्मृतिभ्रंश हा शहरी आजार आहे, हा समज आधी सोडावा लागेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. शहरांत हे प्रमाण ५.३ टक्के, तर खेड्यांत ८.४ टक्के.

अनोळखी वॉर्ड, रात्रभर जळणारे दिवे, ताप, वेदना. अशात या रुग्णांचा गोंधळ एकाएकी वाढतो. आजी लघवीची नळी ओढून काढते, मुलालाच परका समजते. हा गोंधळ निवळायला कधी कधी काही आठवडे लागतात, पण खाट त्याआधीच रिकामी करावी लागते. घरच्यांच्या हाती येते ते इंग्रजीतले कार्ड आणि कापलेल्या पट्ट्यांतल्या गोळ्या. यातली झोपेची कोणती आणि ती कधी बंद करायची, हे विचारायचे राहून जाते. मुलगा सफारीच्या जिप्सीवर चालक असेल तर पहाटेच गेटवर जातो, सून रिसॉर्टच्या कामावर. आजी मात्र ‘माझ्या घरी जाते’ म्हणत उठते. इतरत्र वाट चुकलेले म्हातारे माणूस बसस्थानकावर सापडते. ताडोब्याच्या या दारात घरामागेच वाघाचे जंगल आहे.

सुट्टी देण्यापूर्वी रुग्ण आणि कुटुंबाशी बोलून पुढच्या उपचारांची आखणी करावी, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ९८ सांगते. पण ते मानसिक आरोग्य संस्थांपुरते. हाडांच्या वॉर्डातल्या आजीला त्याचा उपयोग नाही.

उपाय मात्र जवळच सापडला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतल्या साध्या बायांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे मांडले, आजच्या गृहभेटी त्यातूनच आल्या. गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांसोबत स्मृतिभ्रंशासाठी असाच प्रयोग केला. आठवडाभर प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने घरी जात राहिले. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण हलका झाल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या आरोग्य यंत्रणेने एवढे करावेच : कार्ड मराठीत द्यावे, सुट्टी दिवसाउजेडी द्यावी, गावच्या आशाताईंना आदल्या दिवशी फोन करावा आणि पहिली भेट तिसऱ्या दिवशी व्हावी. आशाताईंवर आधीच कामाचे डोंगर आहेत. हे काम फुकट लादणे अन्यायाचे ठरेल. प्रत्येक भेटीचा वेगळा मोबदला हवा. पैसा कुठून आणायचा, असे जिल्हा परिषदेने विचारू नये. कोळशाच्या चंद्रपूर जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, आणि तो खर्चण्याच्या २०१५ च्या केंद्रीय योजनेत आरोग्य व वृद्धांचे कल्याण या दोन्ही बाबी अग्रक्रमावर नोंदलेल्या आहेत.