"ब्रेक थोडा खाली लागतो, सवय होईल"

छावणीतला जुन्या गाड्यांचा बाजार बदल्यांवर चालतो. पोस्टिंग ऑर्डर आली की एनओसी, रोड टॅक्स आणि नव्या राज्यातली नोंदणी या कटकटीपेक्षा माणूस गाडी मागून येणाऱ्याला विकून मोकळा होतो. अशी एखादी जुनी मारुती ८०० चार-पाच हातांतून जाते. चावी देताना एक वाक्य हमखास ऐकू येते: "ब्रेक थोडा खाली लागतो, पण सवय होईल."

माझे मत सरळ आहे. ब्रेकची सवय करून घ्यायची नसते. दुरुस्त होईपर्यंत गाडी उभी ठेवायची असते.

सरकारी गाडीबाबत हे कोणाला सांगावे लागत नाही. निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. ब्रेक ढिला असेल तर गाडी एमटी पार्कमधून बाहेर पडत नाही. मग ज्या गाडीत बायको-मुलांना बसवून आपण सुट्टीवर निघतो, तिला वेगळा नियम का?

दुसरी चूक गॅरेजमध्ये होते. तक्रार केली की मेकॅनिक डब्यात ब्रेक ऑइल भरतो, फार तर पॅड बदलतो. पण ऑइल कमी झाले म्हणजे एकतर पॅड-शू झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. नुसते भरून दिले की ती खूण झाकली जाते.

दोष कुठे आहे ते पेडलच सांगते. पाय ठेवल्यावर स्पंजासारखे दबते? पाइपात हवा आहे किंवा ऑइल जुने झाले आहे. दोन-तीनदा पंप केल्यावर वर येते? हवेबरोबर मागच्या ड्रममधले शूही तपासा. झिजून ते ड्रमपासून दूर गेलेले असतात. दाबून धरले तरी हळूहळू खाली बसते आणि बाहेर कुठे गळती नाही? मास्टर सिलिंडरचे रबर गेले. दगडासारखे कडक लागते? इंजिन बंद ठेवून चार-पाचदा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. नाही गेले तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप बघा. गाडी एका बाजूला ओढते? कॅलिपर जाम आहे किंवा एखाद्या चाकाच्या शूवर तेल आले आहे.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ते उकळले की पाइपात वाफ होते आणि पेडल रिकामे जाते. म्हणून दर दोन वर्षांनी सगळे ऑइल बदला. हवा काढताना जुन्या गाडीचे पेडल तळापर्यंत दाबू नका. सिलिंडरच्या कधी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून रबर फाटते. काढलेले ऑइल परत वापरू नका. रबरी भाग पेट्रोलने धुऊ नका.

डोंगरातल्या पोस्टिंगवर आणखी एक गोष्ट. बूस्टरची मदत हवेच्या दाबातून मिळते. लेहमध्ये, सुमारे ३५०० मीटरवर, तो दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. पुण्यात "चालतंय" म्हटलेला ब्रेक तिथे आणखी कमजोर वाटतो. उतारावर खालचा गिअर हवाच, पण गिअरच्या भरवशावर ढिला ब्रेक चालवून घेणे म्हणजे राखीव कुमक पहिल्याच दिवशी खर्च करणे.

जुनी गाडी घेतली की लोक आधी सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिम बसवतात. पहिला खर्च ब्रेकवर करा: चारही चाके उघडून तपासणी, नवे ऑइल, फुगलेले किंवा चिरा गेलेले होज पाइप आणि रबर किट. कंजुषी करायचीच तर ती म्युझिक सिस्टिमवर करा.

ऑइल बदलल्याची तारीख बॉनेटच्या आत चिकटवून ठेवा. उद्या तुमचीही बदली होईल आणि चावी दुसऱ्या फौजीच्या हातात जाईल. त्याला ते जुने वाक्य ऐकवू नका, ती तारीख दाखवा.

जय हिंद.