विश्लेषण : गावाची वेबसाइट स्टॅटिक हवी की सीएमएसवर?

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरीला निघालेला भाविक हल्ली एसटी स्टँडवर चौकशी करण्याआधी मोबाइलवर शोधतो. नित्यानंद बाबांचे समाधी मंदिर किती वाजता उघडते, गरम पाण्याची कुंडे सुरू आहेत का, मुक्कामाची सोय कुठे होईल, हे त्याला घर सोडण्यापूर्वीच हवे असते. त्यामुळे आपली वेबसाइट असावी, असे लॉजमालकापासून देवस्थान आणि ग्रामपंचायतीपर्यंत सर्वांनाच वाटते. ती कशी बनवायची हे मात्र बहुतेक वेळा बनवून देणाराच ठरवतो आणि ‘वर्डप्रेस टाकून देतो’ म्हणत काम उरकतो. हा निर्णय वरकरणी तांत्रिक दिसतो. प्रत्यक्षात, साइट बनवणारा निघून गेल्यावर ती कोण सांभाळणार, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

दोन्हींत फरक काय?

स्टॅटिक साइट म्हणजे लॉजबाहेर रंगवलेला फलक. मजकूर एकदा लिहिला की येणाऱ्या प्रत्येकाला तोच दिसतो. सर्व्हरवर तयार पाने ठेवलेली असतात. कुणी मागितले की जसेच्या तसे पान पाठवले जाते.

सीएमएस, म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, हा काउंटरवर बसलेला माणूस. कुणी काही विचारले की तो वही उघडतो, माहिती शोधतो आणि उत्तर तयार करून देतो. ही वही म्हणजे डेटाबेस. माणूस हुशार असतो, पण त्याचा पगार द्यावा लागतो, त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते आणि काउंटरचे दार उघडे असते. २००३ मध्ये आलेले वर्डप्रेस हे या प्रकारातील सर्वांत लोकप्रिय सॉफ्टवेअर. आज जगातील दर दहापैकी सुमारे चार वेबसाइट त्यावर चालतात.

गणेशपुरीची माहिती किती वेळा बदलते?

निवड करण्याआधी एक कागद घेऊन साइटवर काय काय टाकायचे आहे आणि त्यातले किती दिवसांनी बदलते, हे लिहून काढले तर अर्धा निर्णय तिथेच होतो.

नित्यानंद बाबांनी ८ ऑगस्ट १९६१ रोजी समाधी घेतली, ही तारीख बदलणार नाही. शेजारच्या वज्रेश्वरी मंदिराचा १७३९ च्या वसईविजयाशी आणि चिमाजी अप्पांच्या नवसाशी असलेला संबंध बदलणार नाही. तानसा नदी, कुंडे, भीमेश्वराचे मंदिर, येण्याचे रस्ते हे सारे तसेच राहणार. गुरुपौर्णिमेची तारीख दरवर्षी बदलते खरी, पण पंचांग वर्षभर आधी हातात असते. लॉजचे दर वर्षातून एक-दोनदा बदलतात. एवढ्यासाठी चोवीस तास काउंटरवर माणूस बसवणे हा निव्वळ खर्च आहे.

सीएमएसचा धोका काय?

वर्डप्रेस, त्याची थीम आणि प्लगइन ही सगळी सॉफ्टवेअर आहेत आणि सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी सापडत राहतात. २०१७ च्या सुरुवातीला वर्डप्रेसच्या ४.७ आणि ४.७.१ या आवृत्त्यांत एक गंभीर त्रुटी आढळली. तिच्यावरचे अपडेट २६ जानेवारीला आले. ज्यांनी ते घेतले नाही, त्यांच्या साइटवरील १५ लाखांहून अधिक पाने नंतरच्या काही दिवसांत हल्लेखोरांनी विद्रूप केली. दोष फक्त वर्डप्रेसचा नाही. ड्रुपल या दुसऱ्या सीएमएसमध्ये ऑक्टोबर २०१४ मध्ये त्रुटी जाहीर झाली, तेव्हा सात तासांत अपडेट न केलेली प्रत्येक साइट हॅक झाली आहे असेच समजा, असा इशारा त्यांच्याच सुरक्षा पथकाने दिला होता.

सात तास! मोठ्या कंपनीकडे त्यासाठी पथक असते. चार खोल्यांच्या लॉजकडे नसते. साइट बनवणारा दुसऱ्या नोकरीला लागलेला असतो, पासवर्ड कुणाकडे आहे ते आठवत नाही आणि एक दिवस लॉजच्या नावाखाली सट्ट्याच्या जाहिराती दिसू लागतात. तीर्थक्षेत्रांच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. भाविकांना बनावट बुकिंग वेबसाइटच्या जाळ्यात ओढले जात असल्याचा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. खरी साइट बेवारस पडली की खोटीचे काम सोपे होते.

स्टॅटिक साइटवर डेटाबेस नाही, लॉगिनचे पान नाही, प्लगइन नाही. होस्टिंगचे खाते आणि डोमेन सांभाळले तर चोराला शिरायला फारशी जागाच उरत नाही. ती हलकी असल्याने मोबाइलला रेंज जेमतेम असली तरी उघडते. अशा साइटसाठी मोफत होस्टिंगही मिळते. खर्च उरतो तो डोमेनचा.

मग सगळ्यांनी स्टॅटिकच का करू नये?

कारण फलक रंगवायला पेंटर लागतो. मार्च २०२० मध्ये राज्यातील मंदिरे बंद झाली, १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, पुन्हा खुली झाली. दीड वर्षात चार वेळा सर्वांत महत्त्वाची ओळ बदलली. अशा वेळी जिथे गावातल्या कुणालाच ती बदलता येत नाही, ती साइट कितीही सुरक्षित आणि वेगवान असली तरी ‘मंदिर उघडे आहे’ असे चुकीचेच सांगत राहते. चुकीची माहिती देणाऱ्या साइटपेक्षा साइट नसलेली बरी.

इथे वर्डप्रेसची बाजू भक्कम आहे. त्याचा कारभाराचा पडदा मराठीत उपलब्ध आहे. ईमेल पाठवता येणारा कुणीही तासाभरात सूचना टाकायला शिकतो, तेही मोबाइलवरून. जेकिल, ह्यूगो यांसारखी स्टॅटिक साइट तयार करणारी साधने मात्र कमांड टाइप करण्याची सवय असलेल्यांसाठी आहेत आणि त्यांची माहितीही प्रामुख्याने इंग्रजीतच आहे. इंजिनीअर मंडळी स्टॅटिकची शिफारस करताना ही अडचण सोयीस्करपणे विसरतात.

देणगी आणि बुकिंगचे काय?

‘देणगी घ्यायची तर सीएमएसच हवे’ हा समज चुकीचा आहे. २०१२ च्या अमेरिकी निवडणुकीत बराक ओबामा यांच्या प्रचारयंत्रणेची देणगीची पाने जेकिलने बनवलेली, म्हणजे स्टॅटिक होती. पैशांचा व्यवहार वेगळी यंत्रणा सांभाळत होती. या मार्गाने सुमारे २५ कोटी डॉलर जमा झाले. देवस्थानालाही तेच करता येते. पान स्टॅटिक ठेवायचे आणि पैशांसाठी बँकेच्या किंवा पेमेंट कंपनीच्या पानाची लिंक द्यायची. लॉजला तर फोन आणि व्हॉट्सअॅप नंबर पुरतो, कारण खोली रिकामी आहे की नाही हे शेवटी मालकालाच माहीत असते.

कुणी काय निवडावे?

लॉज, खाणावळ, दुकान : स्टॅटिक. पाच पाने, दर, नकाशा, फोन. वर्षातून दोनदा बदल करून देण्याचे काम साइट बनवणाऱ्याशी आधीच लेखी ठरवून घ्यावे.

देवस्थान : मधला मार्ग. मागे संपादनाचा साधा पडदा आणि पुढे लोकांना दिसणारी तयार पाने, अशी रचना आता सहज करता येते. वर्डप्रेसमध्ये लिहून त्याची स्टॅटिक प्रत काढणारे प्लगइनही आहेत. मूळ वर्डप्रेस इंटरनेटवर सर्वांसाठी उघडे ठेवले नाही, तर धोका बराच कमी होतो.

ग्रामपंचायत : सीएमएस, पण देखभालीच्या करारासह. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) नुसार १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आणि दरवर्षी अद्ययावत ठेवायची असते. ग्रामसभेच्या नोटिसा आणि निविदा सतत येत राहतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते, म्हणून साइट एका व्यक्तीच्या कौशल्यावर उभी नको. २०२० पासून केंद्राच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पंचायतीचे आराखडे आणि हिशेब असतात. ते पुन्हा टाइप करण्यापेक्षा तिथली लिंक द्यावी.

दोन्हींत सारखे काय?

डोमेन संस्थेच्या नावावर हवे, बनवणाऱ्याच्या नव्हे. पासवर्ड किमान दोघांकडे हवा. आणि मजकुराची प्रत युनिकोडमध्ये स्वतःजवळ हवी. एकेकाळी मराठी साइट ठरावीक कंपन्यांच्या फाँटमध्ये बनत. तो फाँट नसेल तर आजही त्यांतली पाने अगम्य अक्षरांचा ढीग म्हणून उघडतात. साइट बदलत राहतात, मजकूर टिकवावा लागतो.

त्यामुळे कोटेशन हातात आल्यावर गणेशपुरीतल्या लॉजमालकाने, विश्वस्ताने किंवा सरपंचाने एकच विचारावे : ‘उद्या कुंडे बंद ठेवायची ठरली, तर ही ओळ आमच्यापैकी कोण, किती मिनिटांत बदलू शकेल?’ ज्याच्याकडे याचे सरळ उत्तर नाही, त्याच्याकडून ना स्टॅटिक साइट घ्यावी, ना सीएमएस.