कार्डिओग्राम चांगला आला, पुढे काय?



छातीत धडधड, श्वास पुरेना, हातापायाला मुंग्या, 'आता मी जातो' अशी खात्री. अशा अवस्थेत रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाचा कार्डिओग्राम चांगला निघाला की 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' म्हणून त्याला घरी धाडायचं, ही रीत मोडायला हवी. औषधाच्या दुकानात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे या माणसांचं पुढे काय होतं ते काउंटरवरून दिसतं. आधी गॅसेसवरचं औषध, मग टू-डी इको, मग मोठ्या शहरातले हृदयरोगतज्ज्ञ. तेही 'काही नाही' म्हणाले की घरात बाहेरच्या बाधेची कुजबुज सुरू होते.

काही नाही कसं? जिवावर बेतल्यावर शरीर पळायची किंवा झुंजायची जी तयारी करतं, तीच इथे कारण नसताना होते. ठोके वाढतात. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने चक्कर आणि मुंग्या येतात. मुंग्या आल्या की माणूस आणखी घाबरतो आणि आणखी जोरात श्वास घेतो. बहुधा दहाएक मिनिटांत हे शिगेला पोचतं आणि मग ओसरू लागतं. हाच पॅनिक अटॅक. असा एखादा पुष्कळांना येऊन जातो. पण तो अवचित, पुन्हा पुन्हा येऊ लागला आणि 'परत आला तर?' या धास्तीने महिनाभर किंवा अधिक काळ माणसाचं वागणं बदललं, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात 1980 पासून तो स्वतंत्र आजार आहे. यात माणूस आधी गर्दीची लोकल सोडतो, मग बस, मग एकट्याने बाहेर पडणं. लग्नाला गेलाच तर दाराजवळची खुर्ची धरून बसतो.

डॉक्टर म्हणतील, बाहेर रांग लागलेली असते, आम्ही हृदय बघायचं की समजावत बसायचं? हृदय आधी बघायचंच. थायरॉईड, रक्तक्षय, ठोक्यांची अनियमितता, हेही तपासायचं. बायकांच्या छातीतल्या दुखण्याला 'मनाचं आहे' म्हणून वाटेला लावलं जातं, ही उलटी चूक तर जिवावर बेतणारी. तपासण्या कमी करा, असं मी म्हणतच नाही. पण तपासण्या झाल्यावर कागदावर दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो?

त्या ओळी नसल्या की मोकळी जागा अल्प्राझोलाम ही भीती शमवणारी गोळी भरून काढते. शेजाऱ्याने दिलेली अर्धी गोळी, मग जुनीच चिठ्ठी. 2014 पासून ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये आहे. म्हणजे डॉक्टर, रुग्ण आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहायची, ते तीन वर्षं जपायचं. आमच्या धंद्यात हे सगळीकडे पाळलं जातं असं छातीठोकपणे म्हणवत नाही. गोळी थोड्या वेळात शांत करते, म्हणूनच सवय लावते. आणि अटॅक एरवीही ओसरला असता, हे रुग्णाला कधी कळतच नाही. या आजारावरच्या एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारख्या औषधांना गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला कधी अस्वस्थताही वाढते, आणि हे आधी न सांगितल्याने अनेकजण आठवड्यातच ती बंद करतात. समुपदेशनाची कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी तर आणखी धीट: मुद्दाम जिने चढायला लावून वाढलेल्या ठोक्यांची भीतीच मोडतात. दोन्ही उपचार सिद्ध झालेले आहेत.

जिल्हा शल्यचिकित्सकांनी एक परिपत्रक काढावं. हृदयाचं कारण नाही असं ठरल्यावर डिस्चार्ज कार्डावर 'पॅनिक अटॅकची शक्यता' असं स्पष्ट लिहावं, मानसोपचार ओपीडीचा वार लिहावा आणि त्याखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. खासगी रुग्णालयांनी तर परिपत्रकाची वाटही पाहू नये.

– एक निवृत्त औषधविक्रेता, सातारा