एक संगणक, दोन बिऱ्हाडे

आमच्या मराठी विभागाच्या वाट्याचा एकमेव लॅपटॉप गेल्या हिवाळ्यात भंगारात जाता जाता राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चीप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. आमचे यंत्र त्याआधीचे. तेव्हा दोन सल्ले आले. कार्यालयाने सांगितले, निर्लेखनाचा प्रस्ताव द्या. संगणकशास्त्राचा एक तरुण सहकारी म्हणाला, "सर, विंडोज पुसून टाका, लिनक्स घालून देतो, यंत्र पळू लागेल." आम्हांला दोन्ही सल्ले अमान्य आहेत. ते का, हे इथे मांडावेसे वाटते, कारण ज्या ज्या मराठी विभागात जुने संगणक आहेत तिथे हाच प्रश्न कमीअधिक फरकाने उभा असणार.

त्या लॅपटॉपमध्ये रोवणीची गाणी आहेत. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील बायकांकडून आमच्या विद्यार्थ्यांनी २००७ पासून तीन पावसाळे ती उतरवून घेतली. सोबत दंडारीच्या काही संहिताही आहेत. मूळ वह्या विभागाच्या लाकडी कपाटात वाळवीने खाल्ल्या (कपाट आमच्याच देखरेखीखाली होते, हेही सांगून टाकतो). गाणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी फार थोड्या आज हयात आहेत. म्हणजे आता ती गाणी त्या फायलींत आहेत, अन्यत्र कुठेही नाहीत. आणि त्या फायली पेजमेकरमध्ये, कृतिदेव टंकात, बाजारातल्या टंकलेखकाकडून पानाच्या दराने करून घेतलेल्या.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे थोडे थांबवणे भाग आहे. कृतिदेव, श्रीलिपी, आकृती या जुन्या टंकांत 'म' हे अक्षर संगणकाच्या लेखी 'म' नसतेच. कळफलकावरच्या एखाद्या रोमन अक्षराच्या जागी 'म'चे चित्र बसवलेले असते. टंक काढून घेतला की पडद्यावर रोमन अक्षरांचा तणसाचा ढीग उरतो. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले होते. विंडोज २००० आणि एक्सपीने ते स्वीकारले. विंडोजच्या 'मंगल' या युनिकोड टंकाची अक्षरे रेखाटणारे र. कृ. जोशी तर आपल्या लघुनियतकालिकांच्या पिढीतले कवी. तरीही आमच्याकडची पत्रके, स्मरणिका, प्रबंध पुढे कितीतरी वर्षे जुन्याच टंकांत निघत राहिले. टंकलेखकाचा हात त्यावर बसला होता आणि आम्ही प्राध्यापक मंडळी छापलेले पान हाती आले की समाधान मानत होतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा आम्हीही पेढे वाटले. त्या दिवशीही आमच्या विभागातले निम्मे मराठी संगणकाला मराठी म्हणून ठाऊक नव्हते.

कोणी म्हणेल, टंक बदलून देणाऱ्या आज्ञावल्या आहेत, त्या चालवा. चालवल्या. पहिल्याच खेपेला 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' झाले. प्रमाण मराठीत अशी चूक डोळ्यांना टोचते आणि दुरुस्त होते. झाडीबोलीचे तसे नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा जो अभ्यास मांडला त्याने आम्हांला तिच्याकडे पाहायला शिकवले. तिच्यात 'ण' नाही, 'ळ' नाही. डोळ्याचा 'डोरा' होतो. आता रूपांतरित मजकुरात 'र' दिसला तर तो गाणारणीचा की आज्ञावलीचा, हे कशावरून ठरवायचे? विद्यार्थी मुद्रितशोधन करायला बसला की त्याचा हात शुद्धलेखनाच्या सवयीने चालतो; तो 'डोरा'चा 'डोळा' करून मोकळा होतो. म्हणून मूळ फाइल, तिच्या मूळ टंकात, तिच्या मूळ आज्ञावलीत उघडून पाहण्याची सोय शिल्लक असलीच पाहिजे. कृतिदेव लिनक्समध्येही बसवता येतो, पण पेजमेकरची पाने आम्ही तिथे उघडली तेव्हा जुळणी विस्कटली, ओळी एकमेकींवर चढल्या.

विंडोज पुसायचे नाही ते याकरिता. आणि महाजालाचे, रोजच्या लेखनाचे काम त्यावर करायचे नाही, कारण त्याचा पहारा आता उठला आहे. राहता राहिला मार्ग तो एकाच लॅपटॉपवर दोन प्रणाली नांदवण्याचा. तो कठीण नाही, मात्र घाईचा नाही. आधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून त्याचा विभाग आकसून जागा मोकळी केली. फास्ट स्टार्टअप बंद केले. ते चालू राहिले तर विंडोज पुरते झोपत नाही आणि लिनक्सला त्याच्या विभागात लिहिता येत नाही. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. मग पेन ड्राइव्हवरून उबुंटू बसवताना विंडोजच्या शेजारी राहण्याचा पर्याय निवडायचा. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्यायही त्याच पडद्यावर असतो; आमचे बोट तिथे क्षणभर रेंगाळले होते. आता यंत्र सुरू होताना 'कोणाकडे जायचे' असे विचारते. विंडोजचे वायफाय आम्ही कायमचे बंद केले आहे.

पहिल्या आठवड्यात घड्याळाने गंमत केली. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. त्यामुळे दुपारी तीनचा तास विंडोजमध्ये सकाळी साडेनऊचा दिसू लागला. बरोबर साडेपाच तास. लिनक्सला एक आज्ञा देऊन ते मिटले.

दुसरी गोष्ट मात्र मिटणारी नाही. लिनक्सला विंडोजचा विभाग वाचता येतो, त्यात लिहिताही येते. विंडोजला शेजारचा लिनक्सचा विभाग स्वतःहून वाचता येत नाही; तिथे काहीतरी आहे, एवढेच त्याला दिसते. आम्ही दोघेही झाडीच्या घरांतून आलो. नागपूरला एम. ए. च्या वर्गात प्रमाण मराठी आम्हांला कळत होती, आमचे बोलणे मात्र समोरच्यांना पुन्हा विचारावे लागे, आणि आम्ही सावकाश ते बोलणेच बंद केले. आमगावजवळच्या पदमपूरचा म्हणून ज्याला आम्ही आपला मानतो त्या भवभूतीच्या नाटकात राम संस्कृतात बोलतो, सीता प्राकृतात, आणि कोणी कोणाला पुन्हा विचारत नाही. आमच्या लॅपटॉपवर मात्र एका वेळी एकच प्रणाली जागी असते. दोन्ही पाने शेजारी ठेवून ताडून पाहायची तर विंडोजमध्ये जाऊन मूळ पानाची टंकासह पीडीएफ करायची, यंत्र बंद करून लिनक्समध्ये यायचे आणि तिथे ती पीडीएफ युनिकोड प्रतीच्या बाजूला उघडायची. काम कंटाळवाणे आहे. पण हस्तलिखितांच्या प्रती ताडणाऱ्या संपादकांनी याहून अधिक कंटाळा सोसला आहे, आणि पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी त्याची तक्रार करू नये.

रोवणीची निम्मी गाणी आतापर्यंत अशी ताडून झाली. दंडारीला अजून हात लावलेला नाही. त्यांतल्या एका फाइलचा टंक कोणता, हेच आम्हांला ओळखता आलेले नाही. ती ज्या दुकानात टंकित झाली ते बंद झाले आहे आणि तिथला टंकलेखक रायपूरकडे गेला असे ऐकतो. त्याचा पत्ता मिळतो का, ते पाहत आहोत.