कीव कोणी कोणाची करावी?

दूर एकाकी बेटावर कोणी राहते असे ऐकले, की आपण शहाणी माणसे लगेच हळहळतो, ‘बिचारे!’ ही हळहळ मला मान्य नाही. दक्षिण अटलांटिकातले ट्रिस्टन द कून्हा घ्या. जवळात जवळची वस्ती सेंट हेलेना, तीही सुमारे २४०० किलोमीटरांवर. विमानतळ आजही नाही. केपटाउनहून बोटीने आठवडाभर लागतो.

१९६१ साली तेथे ज्वालामुखी फुटला आणि २६४ बेटवासीयांना इंग्लंडात नेण्यात आले. वीज, दुकाने, नोकऱ्या सारे हाताशी आले. आता कशाला परततील? पण १९६२ साली त्यांचे मत घेतले, तेव्हा परतण्याच्या बाजूने १४८ आणि विरुद्ध अवघी ५! १९६३ मध्ये बहुतेक जण आपल्या बटाट्याच्या शेतांकडे, सामाईक जमिनीकडे परतले. पुढे काही जण पुन्हा इंग्लंडला गेलेही. पण तोही निर्णय त्यांचाच.

मुद्दा हाच आहे, वाचकहो! गैरसोय म्हणजे दुःख नव्हे, आणि दुसऱ्याचे सुख ठरविण्याचा मक्ता आपल्याकडे कोणी दिलेला नाही. त्यांना डॉक्टर द्या, बोट द्या. पण कुठे राहावे हे त्यांनाच विचारा. फराळाचे ताट घेऊन शेजारच्या बंद दारावर थाप मारायला जे संकोचतात, त्यांनी तरी कोणाला एकाकी म्हणू नये!